छात्राध्यापकांची आंतरवासिता त्यांच्याच गावात: मार्गदर्शन तिथपर्यंत कसे पोहोचवावे?

मृगधारा (प्रश्न)

नमस्कार. मी अमरावती जिल्ह्यातील एका अध्यापक शिक्षण संस्थेत शिकवते. आमच्याकडे डी.एल.एड. आणि बी.एड. असे दोन्ही अभ्यासक्रम आहेत आणि गेली दोन वर्षे आंतरवासितेचे, म्हणजे छात्राध्यापकांनी (शिकाऊ शिक्षकांनी) शाळेत जाऊन करायच्या शिकवण्याच्या सरावाचे, नियोजन माझ्याकडे आहे. या वर्षी धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील चार विद्यार्थ्यांनी, ज्यांत तीन मुली आहेत, दुसऱ्या वर्षाची सोळा आठवड्यांची आंतरवासिता आपल्या गावी किंवा गावाजवळच्या शाळेत करू द्यावी असा लेखी अर्ज केला आहे. चौघांचीही घरची भाषा कोरकू आहे.

हा अर्ज मी नुसता फाइलला लावून ठेवू शकत नाही. मागच्या तुकडीतील एका विद्यार्थिनीला आंतरवासितेच्या पाचव्या आठवड्यात घरी परत जावे लागले. आई आजारी होती, घरात लहान भावंडे होती आणि शहरात राहण्याचा खर्च पेलत नव्हता. ती पुन्हा आलीच नाही. तिचे सराव पाठ मी पाहिले होते. मुलांच्या उत्तराची वाट पाहण्याची तिची सवय मला आजही आठवते, कारण प्रश्न विचारून शांत उभे राहणे हे नवशिक्या शिक्षकाला सर्वांत अवघड जाते आणि तिला ते उपजतच येत होते. त्या वेळी तिच्या गावाजवळची शाळा देण्याचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नाही, याचे मला वाईट वाटते.

तरीही अडचणी खऱ्या आहेत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार शालेय आंतरवासितेला ९० टक्के उपस्थिती लागते. आठवड्याचे सहा दिवस धरले तर सोळा आठवड्यांचे ९६ दिवस होतात, म्हणजे सुट्ट्या वगळून जेमतेम नऊ दिवसांची गैरहजेरी खपते. दुसरे म्हणजे पाठ निरीक्षण. शहरातल्या शाळांत आम्ही एका सकाळी दोन शाळा करतो, पण धारणीच्या पलीकडच्या एका गावाला जाऊन यायचे तर पूर्ण दिवस जातो आणि बस चुकली तर दुसराही जातो. तिसरे म्हणजे, गावातील शाळा द्विशिक्षकी असेल तर मार्गदर्शक शिक्षक म्हणून कोणाचे नाव द्यायचे? आणि माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप असा आहे की, गावी पाठवले की पाठ होत नाहीत, फाइल तेवढी भरून येते. हा आक्षेप मला खोडून काढता येत नाही, कारण असे झालेले मीही पाहिले आहे.

ज्यांनी दुर्गम भागात छात्राध्यापक पाठवले आहेत, ज्यांच्या शाळेत असे विद्यार्थी आले आहेत किंवा ज्यांनी स्वतः आपल्या गावी आंतरवासिता केली आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

नदीपलीकडचा

मृगधाराताई, मी गडचिरोली जिल्ह्यात आधी शिक्षक आणि नंतर केंद्रप्रमुख म्हणून काम केले आहे. तुमच्या चौघांपैकी कोण डी.एल.एड.चे आणि कोण बी.एड.चे, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण सारे गणित तिथूनच सुरू होते. डी.एल.एड.च्या विद्यार्थ्याला पहिली ते आठवीचे वर्ग लागतात, त्यामुळे गावातील जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा त्याला निदान काही आठवड्यांसाठी तरी चालते. बी.एड.च्या विद्यार्थ्याला मात्र सहावीपासून पुढचे वर्ग हवेत, आणि तेही त्याच्या अध्यापन पद्धतीचा, म्हणजे त्याने शिकवण्यासाठी निवडलेला, विषय शिकवणाऱ्या शिक्षकासह. चौथी-पाचवीपर्यंतच्या शाळेत तो कितीही मनापासून शिकवू लागला तरी त्याचे पाठ मान्य होणार नाहीत. अशा विद्यार्थ्यासाठी ‘आपले गाव’ हा आग्रह सोडून ‘आपला परिसर’ धरावा आणि दहावी किंवा बारावीपर्यंतची जवळची आश्रमशाळा पाहावी. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागेल, तर शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे असल्याने तिथे त्या विभागाच्या प्रकल्प कार्यालयाचे पत्र लागेल. ही दोन वेगवेगळी दारे आहेत, आणि एका कार्यालयाचे पत्र दुसरीकडे चालेल असे समजून बसलेल्या एका संस्थेचे विद्यार्थी तीन आठवडे घरी थांबलेले मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट दिनदर्शिकेची. शहरातील संस्था आंतरवासितेच्या तारखा विद्यापीठाच्या परीक्षा पाहून ठरवतात, पण दुर्गम भागातील शाळेचे वर्ष पाऊस आणि मजुरी यांवर चालते. आमच्याकडे पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि पुढच्या गावांतील शाळा काही दिवस नुसत्या कागदावर उघड्या असतात. तुमच्या मेळघाटात दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात, मुले त्यांच्याबरोबर जातात आणि होळीच्या सुमारास परततात. डिसेंबर-जानेवारीत गेलेल्या छात्राध्यापकाला पटावर तीस आणि वर्गात अकरा मुले दिसली, तर तो त्याचा दोष नाही, पण शिकवण्याच्या सरावाचे नुकसान व्हायचे ते होतेच. ज्या गावात पाठवायचे त्या गावातील मुले कोणत्या महिन्यांत शाळेत असतात, हे मुख्याध्यापकांना आधी विचारा आणि मग तारखा ठरवा. चौघांच्या तारखा वेगवेगळ्या आल्या तरी बिघडत नाही.

आता मार्गदर्शक शिक्षकाविषयी. द्विशिक्षकी शाळेतील शिक्षकाला मार्गदर्शक नेमून मोकळे होऊ नका. तो स्वतः दोन किंवा तीन इयत्ता एकाच खोलीत सांभाळत असतो, त्यातून माहिती भरणे, बैठका आणि पोषण आहाराच्या नोंदी असतात. त्याऐवजी केंद्रशाळा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची मुख्य शाळा, धरा. छात्राध्यापक आठवड्याचे चार दिवस गावातील शाळेत आणि दोन दिवस केंद्रशाळेत, अशी विभागणी आम्ही एकदा केली होती. केंद्रशाळेत विषय शिकवणारे एक-दोन अनुभवी शिक्षक सापडतात, तिथे पाठाचे टाचण (पाठाची लेखी आखणी) तपासून घेता येते, आणि महिन्याच्या शिक्षण परिषदेला छात्राध्यापकाला बसवले तर परिसरातील सारे शिक्षक त्याला ओळखू लागतात.

हे सारे करण्याइतके त्यात काय आहे, असे तुमचे सहकारी विचारतील म्हणून एक प्रसंग सांगतो. कोरची तालुक्यातील एका शाळेत मी भेटीला गेलो असताना गावातीलच एक छात्राध्यापिका दुसरी-तिसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी शिकवत होती. फळ्यावर ४२ वजा १७ होते आणि एका मुलीने पाटीवर ३५ लिहिले होते. दोनातून सात जात नाहीत म्हणून तिने सातातून दोन काढले होते. ही चूक सगळीकडची मुले करतात. छात्राध्यापिकेने पाटी पुसली नाही. ती त्या मुलीसमोर जमिनीवर बसली, दहा-दहा काड्यांच्या चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या मध्ये ठेवल्या आणि गोंडीत म्हणाली की, मला सात दे. मुलीने ‘उंदी, रंड’ (एक, दोन) मोजले आणि थांबली. तिने जुड्यांकडे पाहिले, बाईंकडे पाहिले आणि काहीही न विचारता एका जुडीचा दोरा सोडला. त्यानंतर बाईंनी हेच तिच्याकडून मराठीत वदवून घेतले: ‘दोन सुटे पुरत नाहीत, म्हणून मी एक दशक सोडला.’ हे वाक्य त्या मुलीने जेव्हा म्हटले, तेव्हा त्याच्यामागचा अर्थ तिच्या हातात होता. त्या वर्गाचे नियमित शिक्षक नऊ वर्षे त्या शाळेत होते आणि अत्यंत प्रामाणिक होते. त्यांनी माझ्यादेखत ते गोंडी वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतले.

सातपुड्याची लेक

मी नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यातील आहे आणि माझी आंतरवासिता मी माझ्याच गावी केली. वरील प्रतिसादात जे लिहिले आहे ते खरे आहे, परंतु आपल्या गावी शिकवणे किती कठीण असते, हे कोणी फारसे सांगत नाही म्हणून मी लिहीत आहे.

गावी गेल्यावर पहिले काही दिवस मला कोणीही शिक्षिका मानले नाही. वर्गातील अर्धी मुले माझ्या नात्यातली होती. एक पुतण्या मला घरी ज्या नावाने हाक मारायचा त्याच नावाने वर्गात मारायचा आणि त्याला रागवावे तर संध्याकाळी त्याची आई अंगणात येऊन बसायची. माझे मार्गदर्शक शिक्षक म्हणजे मला तिसरीत शिकवलेले गुरुजी होते. त्यांच्या डोळ्यांत मी अजून तीच मुलगी होते. त्यांनी माझ्या एकाही पाठाला नाव ठेवले नाही, फार कौतुक केले, आणि त्यामुळेच मी त्या आठवड्यांत त्यांच्याकडून फार थोडे शिकले. मायेपोटी केलेले कौतुक मला नको होते असे नाही, पण माझा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचत नाही, मी फळ्याकडे तोंड करून बोलते आणि हुशार तीन मुलांकडूनच उत्तरे घेते, हे मला कोणीतरी सांगायला हवे होते. ते मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच कोणाकडून कळले.

आणि घर. शहरात राहणारी मैत्रीण संध्याकाळी टाचण काढायची. मी पाणी, स्वयंपाक आणि आजीचे औषध करून रात्री नऊला वही उघडायची. लेक घरी आहे म्हटल्यावर घर तिला पुन्हा कामाला लावते. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. माझ्या आईला मी शिकावे असे मनापासून वाटत होते, पण आंतरवासिता म्हणजे नेमके काय काम असते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. संस्थेतील कोणी एकदा तरी घरी येऊन, ‘ही सोळा आठवडे परीक्षेला बसलेली आहे असे समजा, संध्याकाळचे दोन तास हिला द्या,’ असे म्हटले असते तर ते आईने पाळले असते. मी म्हणण्यात आणि मॅडमनी म्हणण्यात फरक पडतो.

माझ्याकडे संस्थेतून सोळा आठवड्यांत एकदाच एक अध्यापक आले, तेही शेवटच्या आठवड्यात. एक पाठ अर्धा पाहिला, फाइलवर सह्या केल्या आणि परतीची गाडी गाठली. मला गुण चांगले मिळाले. ते कशाचे मिळाले हे मला आजही माहीत नाही. ताई, तुमच्या सहकाऱ्यांना फाइल भरून येण्याची भीती वाटते ना, तर त्यांना विचारा की फाइलशिवाय दुसरे काही पाहायला तिथपर्यंत कोण गेले होते.

माझे सांगणे एवढेच आहे की, विद्यार्थिनीला तिच्या पाड्यावर न ठेवता शेजारच्या गावची शाळा द्यावी. भाषा तीच राहते, माणसे ओळखीची असतात, घर चालत जाण्याइतके जवळ असते, पण वर्गात ती कोणाची आत्या नसते. आणि दोघींना जोडीने पाठवावे. एकमेकींचा पाठ पाहून लिहिलेले दोन शब्द मला त्या गुरुजींच्या कौतुकापेक्षा अधिक उपयोगी पडले असते.

खडूफळा

मी सातपुड्याची लेक यांच्या मताशी बराचसा सहमत आहे, पण एका धोक्याकडे लक्ष वेधू इच्छितो. ज्या शाळेत मंजूर पदांपैकी एक पद रिक्त आहे, तिथे छात्राध्यापक अजिबात पाठवू नये. साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दोन शिक्षक असले पाहिजेत. प्रत्यक्षात एक असतो, आणि गावातील शिकलेली मुलगी आंतरवासितेला आली की तो एकटा शिक्षक, त्याच्या जागी आपणही तेच केले असते इतक्या सहजपणे, तिच्या हाती दोन वर्ग सोपवून तालुक्याच्या कामाला जातो. माझ्या माहितीतील एक मुलगा अशा रीतीने अकरा आठवडे शाळा एकटा चालवत होता. गावाला बरे वाटले, कार्यालयाला बरे वाटले, हजेरी शंभर टक्के भरली. त्याच्या वर्गात मागे बसून त्याचे शिकवणे पाहणारे मात्र एकही माणूस नव्हते. त्याला सराव म्हणता येत नाही. ते बिनपगारी नोकरीत ढकलणे आहे, आणि त्यात शिकवण्याच्या ज्या वाईट सवयी लागतात त्या पुढे सुटत नाहीत.

परवानगीच्या पत्रातच लिहून घ्या की छात्राध्यापक वर्गावर असताना नियमित शिक्षक शाळेत उपस्थित राहील आणि छात्राध्यापकाकडे स्वतंत्रपणे वर्ग सोपवला जाणार नाही. मुख्याध्यापकांना हे आवडणार नाही, तरी लिहून घ्या.

शिवाय सोळाही आठवडे एकाच शाळेत काढणे मला पटत नाही. ज्याने स्वतःचे शालेय शिक्षण बहुवर्ग (एका खोलीत अनेक इयत्ता बसणाऱ्या) शाळेत घेतले, त्याने एकदा तरी प्रत्येक इयत्तेला वेगळी खोली असलेली, प्रयोगशाळा वापरणारी, ग्रंथालयाचा तास पाळणारी शाळा आतून पाहिली पाहिजे. ते पाहायला मिळणे हा त्याचा हक्क आहे. आठ आठवडे तिकडे आणि आठ इकडे, असा मध्यम मार्ग काढता येईल.

पाठटाचण

मी अध्यापक महाविद्यालयात आहे आणि काही वर्षे मेळघाटातील शाळांमध्ये आमचे विद्यार्थी पाठवत आलो आहे. खडूफळा यांचा रिक्त पदाचा मुद्दा मी माझ्या नियोजनात पहिल्या वर्षी विसरलो होतो आणि त्याची किंमत एका विद्यार्थिनीने मोजली, म्हणून तो सर्वांत आधी तपासावा असे मीही म्हणतो. निम्म्या-निम्म्या विभागणीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. नियमावलीत पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा असे वीस आठवडे आहेत. पहिल्या वर्षाचे चार आठवडे शहरातील चांगल्या शाळेत द्यावेत आणि दुसऱ्या वर्षाचे सोळा अखंड ठेवावेत. आठव्या आठवड्यात मुले नुकती बोलू लागलेली असतात, त्याच वेळी छात्राध्यापकाला तिथून उचलणे योग्य नाही. शिवाय मृगधाराताईंच्या मागच्या विद्यार्थिनीसारखी स्थिती असेल, तर शहरातील आठ आठवडे हीच तिची गळतीची जागा ठरते.

निरीक्षणाबाबत आमचा अनुभव असा आहे की, चार धावत्या भेटींपेक्षा दोन मुक्कामी भेटी अधिक कामाच्या ठरतात. पहिली भेट तिसऱ्या आठवड्यात आणि दुसरी अकराव्या-बाराव्यात. जाणाऱ्या अध्यापकाने संध्याकाळी पोहोचावे, रात्री छात्राध्यापकाबरोबर दुसऱ्या दिवसाचे टाचण पाहावे, सकाळी सलग पाठ पाहावेत, दुपारी बसून बोलावे आणि त्याच रात्री पुन्हा टाचण सुधारून दुसऱ्या सकाळी तोच घटक वेगळ्या तऱ्हेने घ्यायला लावावे. सुधारणा आपल्या डोळ्यांसमोर झालेली दिसते, हे या पद्धतीचे बळ आहे. शहरात आपण अभिप्राय लिहून निघून येतो आणि त्याचे पुढे काय झाले ते आपल्याला कळत नाही. दोन रात्रींच्या मुक्कामात चार विद्यार्थी दोन शेजारच्या गावांत असतील तर एका अध्यापकाचे काम भागते, म्हणून जोडीने पाठवण्याची सूचना निरीक्षणाच्या दृष्टीनेही सोयीची आहे.

मधल्या आठवड्यांसाठी आम्ही मोबाइलवर पाठाचे चित्रीकरण करायला सांगतो. नेटवर्क नसते, म्हणून पाठवण्याचा आग्रह धरत नाही; आठवड्यातून एक पंधरा मिनिटांचा तुकडा मेमरी कार्डावर साठवायचा आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याला आले की पाठवायचा. फोन फळ्याकडे तोंड करून ठेवू नका, मुलांकडे करून ठेवा, अशी सूचना आम्ही नंतर दिली, कारण शिक्षकाचे बोलणे ऐकू येतेच, मुले काय करत होती ते मात्र दिसायला हवे. मुलांचे चित्रीकरण करण्यापूर्वी मुख्याध्यापकांची आणि पालकांची संमती घ्यावी आणि ते चित्रीकरण कोणत्याही गटावर जाऊ नये, हे लेखी सांगावे लागते. एकदा न सांगितल्याने पालकांपुढे मला खाली मान घालावी लागली होती.

आता मूल्यमापनातील एक मुद्दा, जो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे आणि ज्यावर कोणी बोललेले नाही. आपल्या पाठ निरीक्षण तक्त्यात ‘भाषा शुद्ध आहे का’ असा एक रकाना असतो. कोरकू भाषक छात्राध्यापकाचे गुण तिथे हमखास कापले जातात, आणि तो जेव्हा कोरकूत समजावतो तेव्हा ‘माध्यमाचा वापर’ या रकान्यात पुन्हा कापले जातात. म्हणजे ज्या गुणासाठी त्याला गावी पाठवले त्याच गुणाची शिक्षा त्याला होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे स्पष्ट म्हटले आहे, त्यामुळे तक्ता बदलायला आपल्याला आधार आहे. आम्ही तिथे ‘मुलांच्या घरच्या भाषेतून मराठीकडे नेण्याचे कौशल्य’ असा रकाना घातला.

हे कौशल्य म्हणजे नुसते भाषांतर नव्हे. मराठीत तीन लिंगे आहेत. कोरकूत नामांचा भेद सजीव आणि निर्जीव असा आहे. त्यामुळे ‘तो दगड’, ‘ती वही’, ‘ते पान’ ही कोरकू मुलासाठी पाठ करण्याची गोष्ट असते, त्याच्या भाषेत तसा भेदच नसतो. बाहेरून आलेला शिक्षक प्रत्येक वेळी चूक दुरुस्त करतो आणि मूल हळूहळू बोलायचे थांबते. आमची एक विद्यार्थिनी, जी स्वतः कोरकू घरातील होती, तिने तिसरीच्या वर्गात दोन महिने लिंगाची एकही चूक तोंडावर दुरुस्त केली नाही. मूल ‘मोठी दगड’ म्हणाले की ती सहज ‘हो, मोठा दगड’ म्हणून पुढे जायची. तिनेच मला दाखवून दिले की ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतील फरक, जो हिंदी बोलणाऱ्या मुलांना घोटाळ्यात टाकतो, तो ही मुले पहिल्याच दिवशी अचूक वापरतात, कारण ऐकणाऱ्याला धरून आणि ऐकणाऱ्याला वगळून अशी दोन वेगळी सर्वनामे कोरकूत आहेतच. मी इतकी वर्षे भाषा अध्यापन पद्धती शिकवत होतो आणि हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. तिच्या रोजनिशीची ती पाने आम्ही आता पुढच्या तुकडीला वाचायला देतो.

मृगधारा

सर्वांचे मनापासून आभार. सातपुड्याची लेक, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला आणि आमच्या चौघांनाही वाचायला दिला. त्यांपैकी एकीने लगेच सांगितले की तिला तिच्या गावाऐवजी मामाच्या गावाशेजारची शाळा अधिक बरी वाटते. आधी ती संकोचाने बोलली नव्हती.

चौघांपैकी तिघे डी.एल.एड.चे आहेत आणि एक मुलगी बी.एड.ची, गणित आणि विज्ञान पद्धतीची आहे. तिच्यासाठी आश्रमशाळेत विचारणा केली आहे. तिथे विज्ञानाचे शिक्षक आहेत, गणिताचे पद मात्र रिक्त आहे, त्यामुळे खडूफळा यांच्या सूचनेप्रमाणे ती शाळा घ्यावी की नाही यावर विचार चालू आहे. उरलेल्या तिघांना एकाच केंद्रातील दोन शाळा मिळतील असे दिसते. ज्येष्ठ सहकाऱ्यांसमोर दोन मुक्कामी भेटींचा प्रस्ताव ठेवला तेव्हा त्यांनी पहिल्या भेटीला स्वतः जाण्याची तयारी दाखवली, हे मला इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. निरीक्षण तक्त्यातील रकान्याचा विषय पुढच्या बैठकीत घेणार आहोत.

एक गोष्ट राहिली. तिन्ही मुली शहरातील शासकीय आदिवासी वसतिगृहात राहतात. सोळा आठवडे त्या तिथे नसतील तर त्यांची खोली आणि भत्ता यांचे काय होते, याचा कोणाला अनुभव आहे का?

नदीपलीकडचा

अनुभव आहे आणि तो वाईट आहे, म्हणून वेळेत लिहितो. वसतिगृहात हजेरी लागली नाही की मुलगी सोडून गेली असे धरले जाते; आमच्याकडे एका मुलीचे नाव अशाच कारणाने कमी झाले होते आणि परत आल्यावर तिला सामान घेऊन नातेवाइकांकडे राहावे लागले. आंतरवासिता हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे, ती कोणत्या शाळेत आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे, असे प्राचार्यांच्या सहीचे पत्र गृहपालांना आणि त्याची प्रत प्रकल्प कार्यालयाला, मुली निघण्यापूर्वी द्या आणि पोच घ्या. दर महिन्याला मुख्याध्यापकांच्या सहीचा उपस्थितीचा दाखला त्याच पत्त्यावर जाईल अशी व्यवस्था करा. पत्रात मुलीचे नाव आधार आणि प्रवेश अर्जावर जसे आहे तसेच लिहा, कारण वडिलांच्या नावातील एका अक्षराच्या फरकावरून कागद परत आलेले मी पाहिले आहेत. आणि पोचेची एक प्रत मुलीजवळ राहू द्या.

बी.एड.च्या मुलीसाठी आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांना एवढे विचारून पाहा की गणिताचे तास सध्या कोण घेते. विज्ञानाचेच शिक्षक दोन्ही घेत असतील आणि ते वर्गात थांबायला तयार असतील, तर ती शाळा घ्यायला हरकत नाही. ते तास रिकामे जात असतील, तर मात्र दुसरी शाळा शोधा, थोडी दूर पडली तरी चालेल.